जुन्या मोटारीचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. नदीला आणि ऋषीला ती शोभते. जुन्या मोटारीला मात्र ती लावून चालत नाही. मोटारीचे मूळ शोधलेच पाहिजे, आणि तेही पैसे मोजण्यापूर्वी.

समजा, आपण भिलाईशेजारच्या जामुल गावी राहता. एके दिवशी आपल्या कानावर येते की, एका घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जुनी, दोन आसनांची इंग्रजी स्पोर्ट्स मोटार कित्येक वर्षे उभी आहे. घरमालक निवर्तले आहेत आणि मुलांना गाडी विकायची आहे. आपण पाहावयास जाता. ताडपत्री दूर होते आणि आतून उतरत्या बॉनेटची, गोल दिव्यांची, तांबड्या रंगाची ती गाडी डोकावते. त्या क्षणी मनुष्याचे मन पाघळते. मुलगा म्हणतो, “बाबा, घेऊच या.” विकणारे म्हणतात, “गाडी अस्सल आहे, एक खिळाही बदललेला नाही.”

वाचकहो, नेमक्या याच क्षणी थांबावयाचे असते. गाडी घेऊ नये असे नव्हे, परंतु ‘अस्सल’ या एका शब्दासाठी घरातील किती पैसा जाणार आहे आणि तो शब्द कितपत खरा आहे, हे ठरविण्याची रीत प्रथम माहीत करून घ्यावी. ती रीत अवघड नाही. तिला तीन साक्षी लागतात: क्रमांक, धातू आणि कागद. तिघांची साक्ष जुळली तर निश्चिंत मनाने व्यवहार करावा. एकाने जरी वेगळे सांगितले, तरी थांबून कारण विचारावे.

कायद्याच्या दृष्टीने ‘मूळ’ म्हणजे काय?

‘व्हिंटेज’ हा शब्द आज सरसकट कोणत्याही जुन्या गाडीस लावला जातो. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने मात्र १९३० सालाच्या अखेरीपर्यंत तयार झालेल्या गाड्यांपुरताच तो राखून ठेवला. आपल्या देशात त्याला कायद्याचा वेगळा अर्थ आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी अथवा चारचाकी त्या व्याख्येत बसते. परंतु केवळ वय पुरे होत नाही. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्याच्या चॅसीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्या नियमांची अट आहे.

या नियमांनुसार नव्याने नोंदल्या जाणाऱ्या व्हिंटेज गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. छत्तीसगढात ‘सीजी व्हीए’, महाराष्ट्रात ‘एमएच व्हीए’. ज्या गाडीची नोंदणी पूर्वीच झालेली आहे, तिला आपला जुना क्रमांक राखता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क नियमांत २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची ठेवलेली आहे. पुढे नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. गाडी व्याख्येत बसते की नाही, याची तपासणी राज्याने नेमलेली समिती करते. आणखी एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात घ्यावी. अशा रीतीने नोंदलेली गाडी प्रदर्शनासाठी, तांत्रिक अभ्यासासाठी, जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी, तसेच इंधन भरण्यास व दुरुस्तीस नेण्यासाठी रस्त्यावर आणता येते. रोज कारखान्यात किंवा बाजारात जाण्यासाठी नव्हे.

याचा अर्थ असा की, गाडीचे मूळपण हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून आपण पैसे मोजले आणि उद्या समितीने इंजिन परके ठरविले, तर नुकसान आपले.

भारतातील जुन्या गाड्या का बदलल्या?

तपासणीला लागण्यापूर्वी थोडा इतिहास जाणून घेणे इष्ट आहे, कारण त्यावाचून आपण निष्कारण कोणावर तरी लबाडीचा आरोप करून बसू.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचविणे आणि मोटारधंदा देशात उभा करणे हे सरकारचे धोरण होते. १९५३ साली असे ठरले की, ज्यांची देशात खरोखर उत्पादन करण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात राहता यावे. त्यानंतर लवकरच जनरल मोटर्सने मुंबईतील मोटारजुळणीचा आपला कारखाना बंद केला. परदेशी गाड्यांबरोबर त्यांच्या सुट्या भागांची आयातही दुरापास्त झाली. मग इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचे इंजिन थकले की, मालक काय करणार? मिस्त्री जे हाती लागेल ते बसवीत असे: अँबॅसडरचे इंजिन, फियाटचा कार्ब्युरेटर, जीपचा गिअरबॉक्स. या मिस्त्रींनी पुस्तकावाचून आणि सुट्या भागांवाचून गाड्या चालत्या ठेवल्या. ती लबाडी नव्हती. ती गरज होती आणि पुष्कळदा ते मोठे कसबही होते.

काही बदल हौसेपोटीही झाले. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत असत. शर्यतीसाठी हौशी मंडळी गाड्या हलक्या करीत आणि इंजिने बदलीत. म्हणून गाडीत बदल आढळला, एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. बदल लपवून ‘अस्सल’ म्हणून किंमत घेणे, हा मात्र सरळ अपराध समजावा.

पहिली साक्ष: क्रमांक

तपासणीची रीत समजण्यासाठी एक निश्चित गाडी डोळ्यांपुढे ठेवू. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन येथील या कारखान्याने १९५५ ते १९६२ या काळात ‘एम.जी.ए.’ नावाची मोटार एक लाखाहून अधिक संख्येने बनविली. तो कारखाना १९८० साली बंद झाला. आपल्या शेडमधील तांबडी गाडी ही १९५८ ची एम.जी.ए. आहे, असे धरून चालू.

बॉनेट उघडावे. इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर रिव्हेटने बसविलेली एक पट्टी असते. तिच्यावर गाडीचा क्रमांक असतो. पहिल्या, म्हणजे १५०० मालिकेच्या गाडीत तो ‘एच डी’ या अक्षरांनी सुरू होतो. बंदिस्त छपराच्या कूपे गाडीत ‘एच एम’ असतो. त्यापुढील एक अक्षर कारखान्यात दिलेल्या रंगाचे असते. ‘ए’ म्हणजे काळा, ‘के’ म्हणजे तांबडा. म्हणून आपल्यासमोर तांबडी गाडी उभी असेल आणि पट्टीवर ‘एच डी ए’ असेल, तर ती जन्मतः काळी होती हे निश्चित. रंग बदलणे हा काही मोठा दोष नव्हे. परंतु ‘एक खिळाही बदललेला नाही’ हे वाक्य तेथेच संपले.

त्यापुढचा आकडा गाडी कोणत्या बाजारपेठेसाठी बांधली ते सांगतो. १ म्हणजे इंग्लंडमधील ग्राहकासाठी, २ म्हणजे उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेली निर्यातीची गाडी, ३ म्हणजे डाव्या बाजूस स्टिअरिंग असलेली निर्यातीची, ४ म्हणजे उत्तर अमेरिकेसाठी. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीच्या पट्टीवर ४ हा आकडा दिसला, तर एक तर स्टिअरिंग हलविलेले आहे, नाही तर पट्टीच दुसऱ्या गाडीची आहे. दोन्ही गोष्टींचा खुलासा मागावा.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. एम.जी.ए.च्या या क्रमांकाची पट्टी रिव्हेटने जडविलेली असते. रिव्हेट काढून ती दुसरीकडे बसविणे मुळीच कठीण नाही. म्हणून रिव्हेट पाहावेत. ते पट्टीइतकेच जुने दिसतात का? पट्टीभोवतीच्या रंगात ओरखडे आहेत का? पट्टीच्या आजूबाजूस रिकामी भोके आहेत का? दुसऱ्या बनावटीच्या गाड्यांत क्रमांक थेट चॅसीवर ठोकलेला असतो. तेथे आकडे एका ओळीत व सारख्या खोलीचे आहेत का, आणि आसपासचा पत्रा घासून पातळ केल्यासारखा दिसतो का, हे बोट फिरवून पाहावे. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतल्यास डोळ्यांना न दिसणारी खोडाखोडही उमटते.

दुसरी साक्ष: इंजिन

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूस जडविलेल्या लहान पट्टीवर असतो. एम.जी.ए. १५०० मध्ये त्याची सुरुवात ‘बी पी १५ जी बी’, ‘१५ जी बी’ किंवा ‘१५ जी डी’ अशी होते. १९५९ पासून आलेल्या १६०० मालिकेत ‘१६ जी ए’ अशी.

हा क्रमांक पाहणे भारतात विशेष महत्त्वाचे का, ते आता सांगतो. एम.जी.ए. १५०० चे इंजिन १,४८९ घन सेंटिमीटरचे होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या घराण्यातील ते इंजिन, त्याच घराण्यातील आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन १९५९ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने आपल्या अँबॅसडरमध्ये बसविण्यास आरंभ केला आणि ते पुढे दीर्घकाळ चालू राहिले. ही दोन सख्खी भावंडेच म्हणावीत. एम.जी.ए.मध्ये अँबॅसडरचे इंजिन सहज सामावते. बॉनेट उघडून वरवर पाहणाऱ्यास फरकही कळत नाही. परंतु एम.जी.ए.च्या इंजिनावर दोन एस.यू. कार्ब्युरेटर असतात, अँबॅसडरला एक. कोणी हुशारीने दोन कार्ब्युरेटर चढविले असतील, तरी पट्टीवरचा क्रमांक खरे ते सांगतो. पट्टीच नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

ब्रेकही बोलतात. १५०० मालिकेच्या एम.जी.ए.ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९५९ च्या १६०० मालिकेपासून आले. ट्विन कॅम नावाचा एक दुर्मीळ प्रकार केवळ २,१११ गाड्यांपुरता निघाला आणि त्याला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. दुर्मीळ वस्तूची किंमत अधिक, म्हणून साध्या गाडीस दुर्मीळ गाडीचे रूप देण्याचा मोहही तेथेच अधिक असतो. ‘१९५८ ची १५०० आहे’ असे सांगितलेल्या गाडीस पुढे डिस्क ब्रेक दिसले, तर पुढचा भाग नंतरच्या गाडीचा आहे, हे आपण नम्रपणे दाखवून द्यावे.

तिसरी साक्ष: पत्रा

जामुल-भिलाईच्या वाचकांना पोलादाविषयी काही शिकविणे म्हणजे सोनाराच्या मुलाला कस लावायला शिकविण्यासारखे आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हापासून या परिसरातील घराघरांत कोणी ना कोणी धातूशी संबंधित कामात आहे. जोडकाम करणारे, लेथ चालविणारे, पत्रा ओळखणारे हात येथे शेजारीच भेटतात. अशा एखाद्या जाणत्या शेजाऱ्यास आदराने बरोबर न्यावे आणि खिशात एक लहानसे चुंबक, मऊ फडक्यात गुंडाळून, घ्यावे.

मडगार्डांवर चुंबक फिरवावे. एम.जी.ए.ची मडगार्डे पोलादी पत्र्याची आहेत. तेथे चुंबक चिकटलेच पाहिजे. एखाद्या ठिकाणी ते निसटते, तर खाली पत्रा नसून पुट्टीचा जाड थर आहे. आता चुंबक बॉनेटवर, दारांवर व डिकीच्या झाकणावर ठेवावे. येथे ते चिकटता कामा नये, कारण या तिन्हींचा बाहेरील पत्रा मुळात अॅल्युमिनियमचा असतो. बॉनेटला चुंबक घट्ट धरून बसले, तर ते झाकण केव्हातरी कोणी पोलादी पत्र्यातून बनवून घेतलेले आहे. एकाच चुंबकाने, एकाच गाडीत, दोन ठिकाणी नेमकी उलटी उत्तरे मिळावयास हवीत. मूळ बनावट माहीत नसेल तर याच चाचणीतून उलटा निष्कर्ष निघेल. म्हणून कोणत्याही गाडीची चाचणी घेण्यापूर्वी तिची बनावट वाचून जावी.

खाली चटई उचलून पाहावी. एम.जी.ए.ची पायाखालची फळी प्लायवूडची असते. तेथे पत्रा जोडलेला दिसला, तर तो नंतरचा. उघड्या गाडीच्या दारांना बाहेरून मूठ नसते. आत हात घालून दोरी ओढून दार उघडावे लागते. बाहेर मूठ बसविलेली असेल, तर कोणी तरी सोयीसाठी दाराला भोक पाडले आहे.

मग गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम आधार ठेवून, चॅसी पाहावी. आधार दिल्यावाचून कोणीही गाडीखाली शिरू नये. चॅसीच्या पोकळ तुळयांत आणि दाराखालच्या उंबऱ्यात पाणी साचून गंज धरतो. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेल्या जोडकामाची कड ओबडधोबड असते. दार बंद करून त्याच्या भोवतीची फट पाहावी. वर अरुंद आणि खाली रुंद अशी फट दिसली, तर गाडी मध्यभागी खचली असण्याचा संभव असतो. जेथे अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी चौकटीवर दुमडलेला आहे, त्या कडा विशेष पाहाव्यात, कारण ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी पडते.

आणि जामुलसंबंधी एक खास सूचना. येथे १९६५ पासून सिमेंट तयार होत आले आहे. गोण्या, गोदामे आणि बांधकामे हे येथील नित्याचे दृश्य आहे. सिमेंटच्या पोत्यांशेजारी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीवर धूळ बसते. पावसाळ्यात ती ओलावा धरते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे पोलादापेक्षा अॅल्युमिनियमला अधिक बाधते. म्हणून बॉनेटच्या आतल्या बाजूस बारीक खड्डे पडले आहेत का, हे टॉर्च लावून पाहावे. मात्र असे डाग सापडले तर हताश होऊ नये. गाडी खरोखर इतकी वर्षे याच शेडमध्ये होती, या विकणाऱ्यांच्या सांगण्याला ते डाग पुष्टी देतात. नवा झगझगीत रंग पुष्कळ काही लपवितो. जुना डाग खोटे बोलत नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

कागदांची साक्ष

शेडमधून बाहेर येऊन हात धुवावेत आणि घरात बसून कागद मागावेत. हे काम घरातील ज्या व्यक्तीची नजर हिशोबात पक्की असेल तिने करावे. पुष्कळ घरांत ती गृहिणी असते.

प्रथम नोंदणीपुस्तक. त्यावरील चॅसी व इंजिन क्रमांक आपण शेडमध्ये टिपलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. जुन्या पुस्तकांत कारकुनाने पुढची अक्षरे वगळून नुसते आकडे लिहिलेले असणे शक्य आहे. परंतु आकडे जुळलेच पाहिजेत. इंजिन बदललेले असून त्याची नोंद पुस्तकात असेल, तर मालक प्रामाणिक होता असे समजावे. नोंद नसेल, तर ती आपल्या गळ्यात पडणार.

दुर्ग जिल्ह्यातील गाडीच्या कागदांना एक विशेष वळण असते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि दुर्ग त्याच राज्यात होते. त्यानंतर राजधानी भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि राजधानी रायपूर आली. मनुष्य जागेवरून हलला नाही तरी त्याची कचेरी दोनदा बदलली. त्यातच नोंदणीक्रमांकांची आजची पद्धत १९८९ साली आली. म्हणून एकाच गाडीच्या पुस्तकात निरनिराळ्या राज्यांचे शिक्के आढळले तर घाबरू नये. उलट त्या शिक्क्यांची साखळी अखंड आहे का, ते पाहावे. मुंबई किंवा मद्रासहून आलेली गाडी असेल, तर तेथून निघतानाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि येथे आल्याची नोंद, ही दोन्ही हवीत.

दुसरा कागद म्हणजे गाडी देशात कशी आली त्याचा. जकात खात्याचे आयातपत्र असेल तर उत्तम. परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या कित्येक गाड्या १९५६ साली स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत भारतीय ग्राहकांस विकल्या गेल्या. तसे पत्र घरात जपलेले असेल तर ते सोन्यासारखे मानावे. जुन्या पावत्या, विम्याचे कागद, गाडीसमोर उभे राहून काढलेले लग्नातील छायाचित्र, हे सारे पाहावे. छायाचित्र कृष्णधवल असले तरी चाके तारांची होती की पोलादी, हे त्यात दिसते.

तिसरा कागद आपण स्वतः मागवू शकतो. इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून अनेक ब्रिटिश गाड्यांची प्रमाणपत्रे शुल्क घेऊन देते. एम.जी.ए.च्या अशा प्रमाणपत्रात गाडी केव्हा तयार झाली, तिचा मूळ इंजिन क्रमांक, रंग आणि ती कोठे रवाना झाली, हे कळू शकते. जॅग्वारसाठी अशी सोय जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टने केलेली आहे. विसार देण्यापूर्वी हे प्रमाणपत्र येईपर्यंत थांबावे. सहा दशके शेडमध्ये काढलेली गाडी आणखी काही आठवडे निश्चित थांबेल.

शेवटी, गाडी विकण्याचा अधिकार कोणाचा? मालक निवर्तले असतील, तर वारसाच्या नावे नोंदणी होण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. त्यानंतरच फॉर्म २९ व ३० ने गाडी आपल्या नावे होते. थोरल्या भावाने पैसे घ्यावेत आणि सासरी गेलेल्या बहिणीला पुढे वृत्तपत्रातून कळावे, असा व्यवहार करू नये. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. गाडीवर जुने कर्ज नोंदलेले नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

लंडनच्या न्यायालयातील एक निवाडा

मूळ म्हणजे किती मूळ, हा प्रश्न एकदा लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली गाडीने १९२९ आणि १९३० साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग इतके बदलत गेले की, १९२९ चे फारच थोडे उरले. १९९० साली एक कोटी पौंडांना ती विकण्याचा करार झाला आणि ही गाडी खरी नव्हेच, असे म्हणून खरेदीदार मागे फिरला. न्यायमूर्ती ऑटन यांनी असा निर्णय दिला की, जुने भाग जवळजवळ संपले असल्यामुळे तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही. परंतु तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, ती एकाच गाडीची अखंड वाटचाल आहे, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिचेच. खरेदीदारास करार पाळावा लागला.

आपल्या वाड्यांचेही असेच असते. जोते पणजोबांच्या वेळचे, भिंती आजोबांनी बांधलेल्या, कौले वडिलांनी घातलेली. तरी वाडा तोच. परंतु त्या वाड्यातील प्रत्येक वीट पणजोबांनी रचली, असे सांगून कोणी अधिक पैसे मागू लागला, तर ते खरे नव्हे. अखंड परंपरा ही एक गोष्ट आणि मूळ घडण ही दुसरी. दोहोंना मोल आहे, पण ते मोल निरनिराळे आहे. विकणारा कोणत्या गोष्टीचे पैसे मागतो आहे, हे ओळखणे हाच या साऱ्या तपासणीचा हेतू.

वहीचे तीन रकाने

म्हणून घरी आल्यावर एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात जे कारखान्यातून आले तसेच आहे, ते लिहावे. दुसऱ्यात जे बदलले आहे पण त्याच काळाचे, त्याच बनावटीचे आहे, ते. तिसऱ्यात जे परके आहे, ते. चॅसी आणि इंजिन तिसऱ्या रकान्यात गेली असतील, तर व्हिंटेज नोंदणीची आशा धरून किंमत देऊ नये. रंग, आसनांचे कातडे, दिवे एवढेच तेथे असतील, तर ते कालांतराने दुरुस्त होण्यासारखे आहे. ही वही विकणाऱ्यासही मोकळेपणाने दाखवावी. प्रामाणिक मनुष्य तीवरून किंमत ठरविण्यास तयार होतो. ज्याला वहीचा राग येतो, त्याच्याकडून गाडी घेण्याची घाई करू नये.

आणि व्यवहार झालाच, तर एक विनंती. गाडी आणल्याबरोबर तिला उघडून, घासून, नवी कोरी करण्याचा मोह आवरावा. ब्रेक, टायर, तारा आणि इंधनाची नळी ही जिवाशी गाठ असलेली कामे प्रथम करावीत. बाकीचे जसे आहे तसे राहू द्यावे. काढलेला प्रत्येक जुना भाग, मग तो मोडका का असेना, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा आणि केलेला प्रत्येक बदल त्याच वहीत तारखेनिशी नोंदवावा. जो रंग एकदा घासून काढला तो पुन्हा मूळ होत नाही.

आपल्यामागे आपली मुले ही गाडी ठेवतील किंवा विकतील. त्या दिवशी कोणी तरी अनोळखी कुटुंब चुंबक आणि टॉर्च घेऊन आपल्या दारी येईल. त्यांच्यापुढे ती वही ठेवता आली, तर “एक खिळाही बदललेला नाही” असे म्हणण्याची पाळी आपल्या मुलांवर येणार नाही. कोणता खिळा केव्हा बदलला, हे ती सरळ दाखवू शकतील, आणि विकणाऱ्याच्या तोंडच्या शपथेपेक्षा घेणाऱ्याला तेच अधिक मोलाचे वाटेल.